खापरं वाचायला आपण कधी शिकलो?

प्रवराकाठ (धागाकर्ता)

माझं आजोळ प्रवरेकाठचं. आजीचं घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. दोन-तीन वर्षांतून एकदा, मृगाच्या आधी, धाब्यावर नवी पांढरी टाकायचं काम निघायचं. माती यायची गावाच्या उगवतीला असलेल्या टेकाडावरून. बैलगाडी रिकामी झाली रे झाली की आम्ही पोरं त्या ढिगावर तुटून पडायचो, कारण त्यात खापरं असायची. जाड खापरं लगोरीला, पातळ गुळगुळीत असतील ती ठिकरीला. एक होतं तांबूस-नारिंगी, वर काळ्या रेघांची जाळी, दगडावर टिचकावलं तर काशाच्या वाटीसारखं वाजायचं. ते मी अख्खी सुट्टी जपलं आणि शेवटच्या दिवशी लगोरीतच फुटलं.

पुढे कॉलेजात असताना एका संग्रहालयात काचेआड तसंच खापर बघितलं. खाली पाटी : जोर्वे संस्कृती, इ.स.पू. १४०० ते १०००. काचेला नाक लावून किती वेळ उभा होतो कोण जाणे.

आजी म्हणायची, "पांढरीत जुनं गाव गाडलेलं हाये." काळी म्हणजे शेताची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्या चुली पेटल्या, राख-शेण पडलं, भिंती ढासळल्या, पुन्हा बांधल्या, की जमीन पांढुरकी होते. हे गावाला कायमच ठाऊक होतं. मग पुरातत्त्वाला त्या टेकाडापर्यंत यायला १९५० का उजाडलं, हा माझा प्रश्न.

माझं उत्तर असं. शंभर-सव्वाशे वर्षं आपल्याकडचं पुरातत्त्व म्हणजे जे डोळ्यांत भरतं आणि जे वाचता येतं तेवढंच होतं. लेणी, देवळं, शिलालेख, ताम्रपट, नाणी. १८१९ मध्ये शिकारीला निघालेल्या जॉन स्मिथला अजिंठा 'सापडला' (खालच्या गावातल्या लोकांना तो हरवलेला नव्हताच). मग जेम्स बर्जेस हा इंग्रज अभ्यासक आला, १८७०च्या दशकात पश्चिम भारताचं सर्वेक्षण उभं राहिलं, लेण्यांची मापं घेतली गेली, नकाशे झाले. काम भक्कम होतं, आजही अडलं की तेच उघडावं लागतं. आपली माणसं लेख वाचण्यात वाकबगार. भाऊ दाजी लाड अजिंठ्याचे लेख वाचत होते. जुनागढचा भगवानलाल इंद्रजी नावाचा पोरगा गिरनारच्या शिलालेखावर लिपी शिकला, भाऊ दाजींनी त्याला मुंबईला आणलं, आणि त्याने पुढे नाणेघाटाचे लेख लावले. रा. गो. भांडारकरांनी १८८४ साली दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिला तो याच सामग्रीवर.

पण अक्षर नसेल तिथे हे सगळे थांबत. सातवाहनांच्या आधी महाराष्ट्रात काय होतं? दंडकारण्य. झाला इतिहास.

बदल घडला तो येरवड्याच्या टेकडीवर. डेक्कन कॉलेज १९३४ मध्ये सरकारने बंद केलं होतं. माजी विद्यार्थी कोर्टात भांडले आणि १९३९ मध्ये ते संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं. तिथे ह. धी. सांकलिया रुजू झाले. मुंबईचा गुजराती माणूस, लंडनची पीएचडी, आणि विशेष म्हणजे इंग्लंडात मेडन कॅसलच्या खोदकामात मॉर्टिमर व्हीलर या पुरातत्त्वज्ञाच्या हाताखाली प्रत्यक्ष खणलेला. थर कसे सोलायचे, चौकोनामध्ये मातीची भिंत का राखायची, हे पुस्तकातून येत नाही.

१९४५-४६ मध्ये मो. गं. दीक्षितांबरोबर कोल्हापूरची ब्रह्मपुरी, १९५०-५१ मध्ये शां. भा. देव यांच्याबरोबर नाशिकची मातीची गढी आणि संगमनेरजवळचं जोर्वे, १९५४ ते ५६ नेवासे. नेवाशाच्या टेकाडाला लोक लाडमोड म्हणतात. नेवासे म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ज्ञानेश्वरांचा पैस खांब येतो. त्याच गावात वरून खाली जाताना मराठा आणि मुसलमानी काळ, सातवाहन, रोमन मद्यकुंभांचे तुकडे, त्याखाली काळ्या नक्षीची तांबडी खापरं, आणि नदीच्या गोट्यांच्या थरात अश्मयुगातली हत्यारं. अहवालाला नावच दिलं होतं 'इतिहासाकडून प्रागितिहासाकडे'. विद्येचीच दिशा त्या नावात आली.

लिहायचं अजून बरंच आहे, पण आधी तुम्ही बोला.

---

जुनी पेठ

वाचनखूण साठवली. 'लगोरीतच फुटलं' वाचून जीव हळहळला. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

मुळामुठा

लेख आवडला, पण "अक्षर नसेल तिथे थांबत" हे जरा सरसकट होतंय. भगवानलालांनी १८८२ मध्ये सोपाऱ्याला खणलं, ते अक्षरासाठी नव्हतं. गावात त्या ढिगाऱ्याला बुरुड राजाचा कोट म्हणत. हा स्तूप आहे असं त्यांनी ताडलं आणि मधोमध दगडी पेटी मिळाली. तिच्यात करंडकात करंडक : तांबं, चांदी, दगड, स्फटिक, सोनं. सगळ्यात आतल्या सोन्याच्या करंडकात होती मातीच्या भांड्याची ठिकरं, बुद्धाच्या भिक्षापात्राची म्हणून श्रद्धेने जपलेली. म्हणजे खापराचं मोल जाणणारे लोक सोपाऱ्यात तेव्हाही होते, फक्त कारण वेगळं!

जाता जाता, खापरं न वाचता आल्याचा सगळ्यात महागडा नमुना सांगतो. रा. गो. भांडारकरांचे चिरंजीव दे. रा. भांडारकर पुरातत्त्व खात्यात मोठे अधिकारी. १९११-१२ मध्ये ते सिंधमध्ये मोहेंजोदडोला जाऊन आले. विटा आजच्यासारख्या दिसतात, कोरीव मृण्मय काही नाही, तेव्हा हे अवशेष फार तर दोनशे वर्षांचे, असा शेरा मारला. दहा वर्षांनी राखालदास बॅनर्जी तिथे पोचले. ते तेव्हा पश्चिम मंडळाचे प्रमुख, कचेरी पुण्यात. पुढे निघालेली सिंधू संस्कृती सगळ्यांना माहीत आहे.

---

प्रवराकाठ

@मुळामुठा, सोपाऱ्याचा मुद्दा मान्य. तरी स्तूप म्हणजे शेवटी ग्रंथातून ओळखीची झालेली गोष्ट. काय शोधायचं ते आधी ठाऊक होतं. ज्यांच्याबद्दल एकाही पोथीत ओळ नाही अशा लोकांच्या घरात शिरायचं, हे धाडस नंतरचं.

भांडारकरांना मी दोष देणार नाही. कशाशी ताडून बघायचं तेच हाताशी नव्हतं.

---

प्रश्नचिन्ह

अडाणी प्रश्न. खापरावर सन लिहिलेला नसतो. मग १४०० आणि १०००, एवढं छातीठोक कसं सांगतात?

---

गुप्तधन

काका, सोनं निघालं का ते सांगा. बाकी ठिकऱ्या तुम्हीच घ्या. 😄

---

प्रवराकाठ

@प्रश्नचिन्ह, अडाणी अजिबात नाही, याच प्रश्नावर ही विद्या उभी आहे.

खापर कुजत नाही, कोणी पळवत नाही, आणि घाट पिढीगणिक बदलतो. आईच्या माठाची आणि आजीच्या माठाची कड तुम्ही सुद्धा वेगळी ओळखाल. एका जागी खालून वर कोणता घाट कोणत्या थरात मिळतो ते मांडलं की क्रम मिळतो. दुसऱ्या गावी त्याच घाटाचं खापर मिळालं की तिथला थरही जागेवर बसतो. जोर्व्याची खूण म्हणजे कंगोरा असलेला वाडगा आणि लांब तोटीचं भांडं, चाकावर घडवलेलं, खणखणीत भाजलेलं.

सन मात्र खापर देत नाही. त्यासाठी त्याच थरातला कोळसा किंवा जळका दाणा लागतो, त्यातला किरणोत्सारी कार्बन मोजायचा. नेवाशाचे नमुने आधी परदेशी पाठवावे लागले. नंतर मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रयोगशाळा झाली, ती पुढे अहमदाबादला गेली. तोवर सांकलियांसारखी माणसं अंदाजानेच बोलत होती, आणि बरेचसे अंदाज जवळपास बरोबर निघाले हे विशेष.

@गुप्तधन, नेवाशाला एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. सोनं नाही. पण मण्यांच्या आत गंजामुळे दोरा टिकून राहिला होता. तपासला तर कापसाच्या पेळूवर कातलेलं रेशीम. तीन हजार वर्षांपूर्वी प्रवरेकाठी कोणीतरी लेकराच्या गळ्यात तो ओवला. याच्यापुढे तोळ्याचा भाव काय सांगता?

---

गुप्तधन

😐 बरं. शब्द मागे.

---

टिकाव-घमेलं

मी बऱ्याच वर्षांपूर्वी विद्यार्थी म्हणून दोन मोसम खोदकामावर होतो, भीमेच्या खोऱ्यात एका ठिकाणी. पुस्तकात न येणारं थोडं लिहितो.

दिवस सहाला सुरू. उन्हं वर आली की मातीचे रंग मरतात, म्हणून सकाळी भिंतीवर पाण्याचा हलका फवारा मारायचा आणि ओल आहे तोवर सुरीच्या टोकाने थरांच्या रेघा ओढून घ्यायच्या. खांबाचा खड्डा म्हणजे खड्डा दिसतच नाही. तो थाळीएवढा काळपट गोल डाग असतो. बोट दाबलं की तेवढीच माती भुसभुशीत लागते. असे पाच-सहा डाग वळणात आले की झोपडी.

माझी फजिती. एकदा ट्रॉवेलने झरझर खाली चाललो होतो. शेजारी घमेलं घेऊन उभी असलेली गावातली एक मावशी म्हणाली, "आरं दादा थांब, हितं सारवलेलं हाये." मला काहीच दिसेना. तिने ब्रश घेतला, दोन हात मारले आणि नखाएवढ्या जाडीचा शेणामातीचा पापुद्रा दाखवला. एका घराची जमीन. मी तिच्यातून चार बोटं आरपार गेलो होतो. सरांनी वहीत नोंद करायला लावली, 'खोदणाऱ्याच्या चुकीने नष्ट'. ती ओळ अजून बोचते. मावशीने जन्मभर घर सारवलेलं, तिचं बोट फसणार कसं? अहवालात मजुरांची संख्या येते, नावं येत नाहीत.

इनामगावबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. शिरूर तालुका, घोडनदीचा काठ, १९६८ पासून १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी. आधीची खोदकामं उभी : एक चर मारायचा, खालपर्यंत जायचं, क्रम लावायचा. इनामगावला आडवं खोदलं, म्हणजे अख्खी वस्ती उघडी केली. १३० च्या वर घरं. धान्याचं कोठार, पाण्याचा पाट आणि बांध. घरांच्या जमिनीखाली पुरलेली मुलं, दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, आत ते बाळ. मोठ्यांना उत्तर-दक्षिण आडवं पुरलेलं, पावलं तोडून. एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात मात्र चार पायांच्या मोठ्या रांजणात बसवलेला माणूस, पावलं शाबूत. तो गावचा मुख्य असावा असं ढवळीकरांनी मांडलं.

आणि मला सगळ्यात आवडती वस्तू : मातीची छोटी डबी. झाकण काढलं तर आत कच्च्या मातीची, शिर नसलेली बाई, वर झाकणापाशी आणखी एक बाई, आणि बरोबर बैल. आतलीचं शिर मोडलेलं नाही, घडवलेलंच नाही.

---

मुळामुठा

@टिकाव-घमेलं, +१००. स्वतंत्र लेख लिहा हो.

इनामगावला आणखी एक झालं. पुरातत्त्वज्ञ एकटा राहिला नाही. राजगुरू नदीचे गाळ वाचत, काजळे जळके दाणे ओळखत, थॉमस प्राण्यांची हाडं, वाळिंबे माणसांची. सगळे एकाच आवारातले. त्याआधीही इरावती कर्वे सांकलियांबरोबर गुजरातेत लांघणजच्या कामात होत्या, हे बरेच जण विसरतात. इ.स.पू. १००० नंतर चौकोनी मोठी घरं जाऊन गोल लहान झोपड्या आल्या, हरणांची हाडं वाढली. यावरून ढवळीकरांनी पाऊस हटल्याचं मांडलं. पटो न पटो, पण राजा-राणीशिवाय, दुष्काळ हे नायक असलेलं महाराष्ट्राच्या इतिहासातलं ते पहिलं प्रकरण असावं.

---

वैनगंगा

नेहमीचंच. महाराष्ट्र म्हणजे प्रवरा, घोड आणि मुठा. आमच्याकडे नागपूरजवळ जुनापाणीला शेकड्यांनी शिळावर्तुळं (भोवती दगडांचं कडं असलेली जुनी थडगी) आहेत, आणि रिव्हेट-कार्नाक नावाच्या साहेबाने एकोणिसाव्या शतकातच ती उकरली. तिथे लेणं नव्हतं, लेख नव्हता. मग तुमच्या 'जे वाचता येतं तेवढंच' या सिद्धांताचं काय?

पुढे माहुरझरी, नायकुंड. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी मिळाली. माहुरझरीला माणसाबरोबर घोडा पुरलेला, त्याच्या तोंडावर तांब्याचा साज. पवनीचा स्तूप १९६९-७० चा. यातलं बरंच काम नागपूर विद्यापीठाच्या आधाराने झालं. धाग्यात त्याचा उल्लेख नाही.

---

प्रवराकाठ

@वैनगंगा, फटका बरोबर बसला. जुनापाणी माझ्या मांडणीत बसत नाही, कबूल. एवढंच म्हणेन की ती वर्तुळंही जमिनीवर दिसतात. टेकाड दिसूनही दिसत नाही. आणि त्या वर्तुळांतले लोक राहायचे कुठे, हा प्रश्न साहेबाने विचारला नाही. तो शां. भा. देव यांनी विचारला, म्हणून नायकुंडला थडग्यांच्या जोडीला वस्तीही खणली गेली. देव पुण्याचे-नागपूरचे दोन्हीकडचे, त्यामुळे वाटणी करायला बसलो तर पंचाईत होईल.

---

गोदातीर

मराठवाड्याचं मीच लिहितो, नाहीतर कोणी लिहिणार नाही. आमच्याकडे खातं होतं निजामाचं, १९१४ पासून, गुलाम याझदानी प्रमुख. अजिंठ्याची चित्रं सावरायला इटलीहून कारागीर आणले, ते त्यांच्याच काळात. पैठणला १९३७ मध्ये खोदकाम झालं, म्हणजे डेक्कन कॉलेज पुन्हा उघडायच्याही आधी.

आणि तेर! फ्लीट या इंग्रज अभ्यासकाने १९०१ मध्ये सांगितलं की ग्रीक खलाशांनी नोंदवलेलं तगर नावाचं शहर ते हेच. पण तेरची खरी राखण गावच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी केली. पावसाळ्यात पांढरी धुपली की मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या वर यायच्या. ते गोळा करत राहिले. आज तेरला संग्रहालय आहे ते त्याच संग्रहावर. हस्तिदंताची जी बाई तिथे आहे तिची बहीण शोभेल अशी मूर्ती इटलीत पाँपेईच्या राखेत निघाली. पदवी नव्हती, चौकोन नव्हते, थराची नोंद नव्हती. तरी ते नसते तर आज तेरमधलं बरंच काही मोडीत गेलं असतं.

---

दगडधोंडे

थोडं अवांतर, थोडं नाही. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरीला नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच्या संगतीत दगडी हत्यारं. दख्खनमध्ये ज्वालामुखी म्हटलं की लोकांना सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आठवतो. ही राख त्यातली नाही, ती सुमात्रातून वाऱ्यावर आलेली. एका मापनाने वय निघालं सुमारे १४ लाख वर्षं, दुसऱ्याने ६ लाख ७० हजार, आणि काही जण म्हणतात ही सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीचीच धाकटी राख, ७५ हजार वर्षांची. एकच ओढा, एकच थर! प्रश्नचिन्हरावांना सांगा, छातीठोकपणा सगळीकडे नसतो.

---

प्रश्नचिन्ह

बघितलं का! आणि दायमाबादच्या त्या कांस्य रथाचं काय ठरलं? शाळेच्या पुस्तकात चित्र होतं.

---

प्रवराकाठ

माझ्या आजोळपासून फार लांब नाही ते. श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेकाठीच. टेकाड १९५८ मध्ये लक्षात आलं, केंद्राच्या पुरातत्त्व खात्याने खोदलंही. पण १९७४ साली झाडाचं मूळ खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस वर काढली ती तिथल्या एका भिल्ल शेतकऱ्याने. चारही भरीव, मिळून ६० किलोहून जास्त. मग खातं पुन्हा आलं. सा. अ. साळींनी १९७५ ते ७९ पद्धतशीर खोदून खालून वर सावळदा, उत्तर हडप्पा (म्हणजे हडप्पाचा शेवटचा काळ), दायमाबाद, माळवा, जोर्वे असा संस्कृतींचा क्रम लावला.

वाद असा की मूर्ती खोदकामाच्या चौकोनात मिळालेल्या नाहीत, त्यामुळे कोणत्या थरातल्या ते नक्की सांगता येत नाही. साळी वगैरे मंडळी त्या उत्तर हडप्पा काळातल्या मानत. डी. पी. अग्रवालांनी धातू तपासून सांगितलं, यात आर्सेनिक एक टक्क्याच्या वर आहे, हडप्पाच्या वस्तूंशी ते जुळत नाही. माझं वैयक्तिक मत विचाराल तर मला रथ हाकणाऱ्याच्या पुढ्यात उभा असलेला तो कुत्रा जास्त आवडतो. त्याला काळाचं काही पडलेलं नाही.

---

कातळ

रत्नागिरीकर हजर. आमच्याकडे उलटंच. माती नाही, थर नाही, कोळसा नाही, खापर नाही. उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जांभ्यात कोरलेली चित्रं. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब, आणि त्याच्या पोटात आणखी बरेच प्राणी. गुराखी पोरं त्यावरून रोज चालायची, लोक काही चित्रांना पांडवांचं काम म्हणायचे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत स्थानिक हौशी मंडळींनी गावोगाव हिंडून ती नोंदवली, २०२२ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत नाव गेलं. गोव्यात कुशावतीकाठी उसगाळीमळला तर १९९३ मध्ये गावकऱ्यांनीच बोट दाखवलं होतं. काळ सांगायला मात्र तुमची खापरं इथे चालत नाहीत.

---

नवा सभासद

पहिलीच प्रतिक्रिया, चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्या शिवाराला लागून असंच टेकाड आहे. मागच्या आठवड्यात जेसीबी लागला, सपाटीकरण चाललंय. माती ट्रॉलीने शेतात टाकतात, पीक जोमात येतं म्हणून. कडेला कापल्यासारखी भिंत झाली आहे, तिच्यात राखेचे पट्टे दिसतात आणि एक मडकं अर्धं बाहेर आलंय. काढून घरी आणू का?

---

टिकाव-घमेलं

काढू नका!! जागेवरून हललं की त्याचं अर्धं बोलणं गेलं.

आधी फोटो. शेजारी पट्टी नसेल तर पेन ठेवा, म्हणजे आकार कळेल. कापलेल्या भिंतीचा वरपासून खालपर्यंत एक फोटो, उन्हं कलल्यावर किंवा सकाळी. गट नंबर आणि नदीपासूनचं अंतर लिहून ठेवा. तलाठ्याला आणि तहसीलला लेखी द्या, एक प्रत राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला. जमिनीत जुनं मौल्यवान काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं, असा १८७८ चा कायदा आहे. त्यात किमतीची हद्द दहा रुपये, म्हणून हसू नका.

---

प्रवराकाठ

आणि जेसीबीवाल्याशी भांडू नका, चहा पाजा. टेकाडाची माती शेतात टाकणं हा गुन्हा म्हणून कोणी करत नाही. माझ्या आजीचं धाबंही त्याच मातीचं होतं. दोन दिवस थांब एवढंच म्हणा.

मडक्याचा रंग कोणता आहे? कड आत वळलेली की बाहेर? काळ्या रेघा दिसतात का?

---

नवा सभासद

रंग विटकरी. कड बाहेर. रेघा आहेत, जाळीसारख्या. पाऊस यायचं लक्षण आहे, मी ताडपत्री घेऊन निघतोय.